सासरेबुवांचं सुखरूप उतरणं

विमान वर कुणीही चढवेल, खाली आणतो तो खरा! हे वाक्य कॅप्टन दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. कॅप्टन म्हणजे विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्याची नोकरी करणारा गृहस्थ. 'कॅप्टन' हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं, कारण दुसरं कुणी ठेवायला तयार नव्हतं. ऑफिसातून आला की तो कॉम्प्युटरवर खोटं विमान उडवायचा आणि खऱ्या पायलटांच्या चुका काढायचा.

त्या रविवारी दुपारी मात्र मामला गंभीर होता. समुद्रापलीकडे राहणाऱ्या त्याच्या मेहुणीला पहिलं बाळ होणार होतं. आई हयात नव्हती, म्हणून "बाबा, तुम्ही तरी या ना," असं म्हणत ती फोनवर रडायची. बाबा, म्हणजे कॅप्टनचे सासरे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते जन्मात विमानात बसले नव्हते. "उडायचं काही नाही हो," ते म्हणायचे, "पण एवढं धूड परत जमिनीवर टेकवायचं कसं?"

"माझ्यावर सोड," कॅप्टन बायकोला म्हणाला. "लोण्यासारखं उतरवून दाखवतो. बाबा आपणहून तिकीट मागतील!"

बायको दातांची डॉक्टर होती. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य ती स्वतः रोज म्हणायची, त्यामुळे दुसऱ्याने म्हटलेलं तिला पटत नसे. "बाबा आणखी घाबरले ना, तर बाळंतपणाला तुलाच पाठवीन," ती म्हणाली.

कॅप्टनच्या शेजारी बाबांची खुर्ची मांडली गेली.

"पट्टा?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हे घर आहे."

"पट्टा असतो. मी टीव्हीवर पाहिलंय."

शेवटी बायकोने माळ्यावरच्या सुटकेसचा पट्टा काढला आणि वडिलांना खुर्चीशी आवळून बांधलं. कॅप्टनने घसा साफ केला आणि टॅब्लेटवरचा नकाशा पुढे धरला.

"हे नेव्हिगेशन सॉफ्टवेअर. आपली उंची, वेग, वारा, सगळं मोजून हे सांगतं, या टिंबापाशी खाली यायला लागा. आधी नाही, नंतर नाही!"

"आणि चुकलं तर?"

"माणूस चुकतो, बाबा. सॉफ्टवेअर नाही."

विमान झकास उडालं. बाबा पडद्यावरच्या विमानाच्या काचेतून डोंगर बघू लागले, आभाळाचा निळा फार भडक लावलाय अशी तक्रारही केली. हात सैल सुटले, चेहरा खुलला. बायकोलाही वाटलं, जमतंय की याला! तेवढ्यात बाबांना बाथरूमला जावंसं वाटलं.

कॅप्टनने मोठ्या मनाने विमान आकाशातच थांबवलं. बाबा जाऊन आले, पुन्हा बांधले गेले, आणि विमान पुढे निघालं. नकाशातलं विमान मात्र निघालं नाही. त्या थांबण्यात खेळाचा आणि नकाशाचा संपर्क तुटला होता. नकाशातलं चिमुकलं विमान टिंबाच्या अलीकडे ठाण मांडून बसलं आणि कॅप्टन त्याच्याकडे कौतुकाने बघत बसला.

"जावईबापू, गाव आलं वाटतं."

"अजून अवकाश आहे, बाबा."

"ती लांबट राखाडी पट्टी, तीच का धावपट्टी?"

कॅप्टन नवख्याला हसावं तसा हसला. "पायलट काचेतून बघत नसतो, बाबा. आकडे बघतो."

"पण ती आता आपल्या खाली आली."

"तसं वाटतं."

"मागे गेली हो!"

"अरे, समुद्र लागला!" बायको ओरडली.

"नकाशात समुद्र नाहीये," कॅप्टनने ठणकावलं.

मग त्याने मान वर केली. समोर समुद्र होता, चांगला क्षितिजापर्यंत. त्याने टॅब्लेटवर टिचक्या मारल्या, तो हलवला, शेवटी बंद करून चालू केला. संपर्क जुळला आणि चिमुकल्या विमानाने टुणकन उडी मारली, ती टिंब ओलांडून, धावपट्टी ओलांडून थेट पाण्यावर!

शहाण्याने विमान वळवून परत आणलं असतं. पण कॅप्टनचा अभ्यास उतरण्याचा होता, वळण्याचा नव्हता. त्याने नाक खाली दाबलं. विमान दगडासारखं निघालं. कॉम्प्युटरमधून एक बाई इंग्रजीत 'वर घ्या, वर घ्या' म्हणून बोंबलू लागली.

"ती काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

"काही नाही, नेहमीचंच!"

"नेहमी म्हणते?"

बाबांचा धीर सुटला. ते ताडकन उठले, आणि बांधलेली खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. दोघं मिळून गर्रकन वळली, खुर्चीचा पाय वायरीत अडकला, प्लग भिंतीतून निसटला. पडदा काळा झाला. बाई गप्प झाली.

"उतरलो?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हो," बायको म्हणाली. "तुम्हीच उतरवलंत."

बहिणीला आता काय सांगायचं, तेच तिला सुचत नव्हतं. कॅप्टन वाऱ्याविषयी काहीतरी पुटपुटला, पण वाऱ्याला दोष देणं त्यालाही जड गेलं. मेहुणीचं रडणं त्यानेही ऐकलं होतं.

बाबांनी सावकाश पट्टा सोडला, खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, तिकीट काढ."

"बघ!" कॅप्टन उसळला. "म्हटलं नव्हतं? एकदा प्रत्यक्ष दाखवलं की भीती जाते!"

"गेली खरी," बाबा शांतपणे म्हणाले. "मला आपली धास्ती असायची, चालवणारा जावईबापूंसारखा निघाला तर काय घ्या! पण तुम्ही तर इथेच आहात, आमच्या डोळ्यांसमोर. म्हणजे तिकडे दुसरं कुणीतरी असणार."

बायकोने तोंडाला रुमाल लावला. कॅप्टनने प्लग पुन्हा भिंतीत खोचला, उगाच दोनदा दाबून पाहिला आणि उरलीसुरली इज्जत गोळा केली.

"बरं, निघाल त्या दिवशी विमानतळावर मी सोडतो तुम्हाला. गाडीने."

"छे छे, टॅक्सी बोलावू," बाबा घाईघाईने म्हणाले. "आणि ड्रायव्हरला आधीच सांगू, बाबा रे, काचेतून बघून चालव!"