पलीकडच्या काठाला लागलेला कारकून

पाण्याला मी भीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात सध्या या विषयावर वाट्टेल ते बोललं जातंय! अहो, कामथडीच्या विहिरीत पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून मी पोहायला शिकलो आणि चौथ्या दिवशी बिंडा सोडून दिला. अशा माणसाला धरणाच्या संथ पाण्यात एक प्लॅस्टिकची होडी वल्हवता येणार नाही?

यंदा पाडव्याला जोडून शनिवार-रविवार आला. आमच्या स्नेहलनं हट्ट धरला, "बाबा, भोरकडं धरणाच्या पाण्यावर कयाक आलेत. पॅडलबोर्डपण!" कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर टाकलेली फळी. तिच्यावर उभं राहून वल्हं मारायचं.

"चला," मी म्हणालो, "मी शिकवतो तुम्हाला!"

आमच्या सौ., म्हणजे प्रगतीनं, माझ्यासाठी कोरड्या कपड्यांचे दोन जोड पिशवीत भरले. एक जोड पुरला असता!

काठावर अमृत म्हणून चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस होता. होड्या त्याच्याच. त्यानं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं चढवली. माझ्या पोटावर पट्टा बसेना.

"साहेब, श्वास सोडा." सोडला. "अजून सोडा."

अजून कुठून सोडू? घरून आणू?

स्नेहल फळीवर गुडघे टेकून बसली, अलगद उठली आणि बगळ्यासारखी डौलात निघून गेली. मग मी चढलो. मी उभा राहिलो, हे खरं आहे. फळी माझ्याखाली राहिली नाही, ही फळीची चूक! पण काठावरची माणसं फळीला हसत नव्हती.

म्हणून आम्ही नवरा-बायको दोघांच्या कयाकमध्ये बसलो. "मागचा माणूस दिशा देतो," असं अमृत म्हणाल्यावर मी अर्थातच मागं बसलो. "काठ सोडू नका, दुपारी वारा सुटतो," असंही तो म्हणाला होता. पण वाऱ्याला घाबरून काठाकाठानं फिरायला मी काय बदक आहे?

पाण्याच्या मध्यावर पोचलो आणि कयाक जात्यासारखी गरगर फिरायला लागली.

"डावीकडून मारा!" प्रगती ओरडली.

"मारतोय की!"

"अहो, ही उजवी!"

ती मला रागवायला मागं वळून बसली होती. त्यामुळे तिची डावी ती माझी उजवी. यात माझा काय दोष? एवढ्यात वारा सुटला. साधासुधा नाही, अंगातला शर्ट मागायला आल्यासारखा! आम्ही काठापासून लांब, लांब आणि आणखी लांब जायला लागलो. मी वल्हं डोक्यावर उभं धरून जिवाच्या आकांतानं हलवलं. मदतीची खूण! काठावर स्नेहलनं आनंदानं हात हलवला आणि आमचा व्हिडिओ काढला. अमृत वाऱ्यानं उधळलेल्या सहा फळ्या आणि त्यांच्यावरची सहा माणसं गोळा करत होता.

पाऊण तासानं आम्ही पलीकडच्या काठाला चिखलात रुतलो. वर उतारावर चार-पाच घरं होती. धोतर, बंडी घातलेले एक म्हातारबाबा धावत खाली आले.

"आलं! साहेब आलं! सरकारनं होडी धाडली!" त्यांनी वर तोंड करून हाळी दिली. "चंद्राबाई, ये गं लवकर!"

ते सोनबा. वस्तीतले वडीलधारे. त्यांच्यामागून शेळ्यांचा कळप आणि कळपामागून चंद्राबाई नावाच्या आजी आल्या. त्यांनी कयाकला एक फेरी मारली. आत डोकावून पाहिलं.

"येवढीशी?" त्या म्हणाल्या. "आवो, ह्यात माजी येक शेळी न्हाई बसायची!"

"आजी, ही सरकारी होडी नाही," मी म्हणालो. "आम्ही हौसेनं आलोय."

"हौसेनं?" सोनबांना ते पटेना. "हितं? आमी हितनं जायाला तीन वरसं अर्ज करतोय, आन् तुमी हौसेनं आलाय?"

ही बोरजाईची वस्ती. पुढं पाणी, मागं डोंगर. एसटी पकडायची तर दोन तास डोंगर चढायचा. समोरच्या काठावरचा दवाखाना इथून दिसतो, पण जाता येत नाही. चंद्राबाईंच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा तिला झोळीत घालून डोंगरावरून नेलं होतं.

"पोर झालं वाटंतच," चंद्राबाई म्हणाल्या. "जगलं, द्येवाची किरपा. पर दरसाली किरपा करायला द्येव काय रिकामा हाय व्हय?"

म्हणून वस्तीनं होडी मागितली होती. तीनदा अर्ज, तिन्ही वेळा माघारी.

मला संताप आला. खराखुरा! "कोण आहे हा बेजबाबदार माणूस?" मी गरजलो. "दाखवा कागद! मी स्वतः सरकारी नोकरीत आहे. बघतो त्याच्याकडं!"

सोनबांनी घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीतले तीन अर्ज आणले. पहिल्यावर शेरा होता, 'नकाशा जोडलेला नाही.' दुसऱ्यावर, 'नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाही.' तिसऱ्यावर, 'सदर ठिकाणी होडीने पोहोचता येते काय, याचा खुलासा करावा.'

मी शेरे पुन्हा एकदा वाचले. कागद घडी घालून परत देणार, तोच प्रगतीनं माझ्या खांद्यावरून डोकावलं.

"अगंबाई! अहो, हे तर तुमचं अक्षर!"

आता मला सांगा, लग्नाची बायको! चौदा वर्षांचा संसार! चिखलात उभा असलेल्या नवऱ्याचं अक्षर परक्या काठावर ओळखायचं असतं का?

आमचं कार्यालय कुठलं ते विचारू नका. दिवसाला चाळीस कागद येतात. शेरा मारल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नाही आणि टेबल रिकामं झाल्याशिवाय मी घरी जात नाही. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. शेळ्यासुद्धा ऐकत होत्या.

सोनबांनी शांतपणे विचारलं, "मंग, साहेब? होडीनं पोचता येतं काय? झाला का खुलासा?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण चंद्राबाईंनी भाकरी आणि ठेचा आणून पुढ्यात ठेवला.

"खा. उपाशी माणसाला काय बोलायचं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रगतीनं माझ्याकडं पाहिलं, शेजारच्या घरातून शाळेची वही आणि पेन मागून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली.

मी लिहिला. उंबराखाली बसून, चिखलाच्या पायांनी, आयुष्यातला सर्वांत निर्दोष अर्ज! नकाशा काढला, उत्तर दिशेला चांगला ठसठशीत बाण दाखवला. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. सुनेची हकीकतही लिहिली. ती लिहिताना अक्षर जरा हललं, पण ते वाऱ्यामुळं.

संध्याकाळी वारा पडल्यावर अमृत दुसरी कयाक घेऊन आला. त्यानं आमची कयाक दोरीनं आपल्या मागं बांधली आणि म्हशीमागून रेडकू न्यावं तसं मला सगळ्या पर्यटकांदेखत परत आणलं. प्रगती मात्र त्याच्या कयाकमध्ये बसून वल्हं मारत होती. अमृत म्हणतो, वहिनींचा हात उपजतच आहे. असेना! विचारलं होतं का कुणी?

सोमवारी अर्ज टेबलावर ठेवून न घेता मी थेट आमच्या साहेबांच्या पुढ्यात नेला. साहेबांनी सगळा वाचला. बराच वेळ नकाशा पाहिला.

"तुम्ही स्वतः गेला होतात?"

"हो, सर."

"होडीनं?"

"हो, सर!" माझी छाती फुगली.

"वा!" साहेब खूश झाले. त्यांनी होडीची शिफारस वर पाठवली, तीही त्याच दिवशी. आणि खाली स्वतःच्या हातानं शेरा मारला, 'प्रस्तावासोबत पाण्याची खोली व दोन्ही काठांची मोजमापे आवश्यक. सदर लिपिकास जलप्रवासाचा अनुभव असल्याने त्यांनीच पुन्हा जाऊन ती आणावीत.'

शनिवारी निघतोय. प्रगती सोबत यायला तयार झालीय. तिची एकच अट आहे, मी वल्ह्याला हात लावायचा नाही.

मी लेखी मान्यता दिली आहे.