व्हर्जन कंचं?

दामूभाऊंना कुणी "आग लागली" म्हणून सांगितलं, तरी ते आधी विचारतील, "व्हर्जन कंचं?"

मी जालन्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. लोणावळ्याजवळ वलवणला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला लागले, त्या पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, चहा घेता का?" तर म्हणाले, "व्हर्जन कंचं? सकाळचा, का उकळून उकळून काळा झालेला?" मी कप धरून उभीच. हे आमच्या पॅकिंग मशीनचे मिस्त्री. शेठ रागावलेत म्हटलं, तर "जेवणाआधीचं व्हर्जन का नंतरचं?" लग्नपत्रिका आली तरी फोन करणार, "हॉल बदलला न्हाई न्हवं?" दिवाळीला ते रिटायर होणार होते. बायका म्हणायच्या, सुटलो बाई.

मला तीनच आठवडे झाले होते. भाऊ तळेगावजवळ इंदुरीला लग्नाला गेलेले, आणि मशीन थांबलं. स्क्रीनवर 'ई-१७'. मागे ट्रे तुंबले. शेठ ओरडले, "रेखा, अगं काहीतरी कर!" मी फोनवर मशीनचं नाव टाकलं. कंपनीचं माहितीपुस्तक निघालं, इंग्रजीचं मराठी फोननंच करून दिलं. ई-१७ : मेमरी भरली, सगळं पुसा.

मी पुसलं.

शेंगदाणा, तीळ, राजगिरा. कुठल्या चिक्कीला केवढं पाकीट, ते चिकटवायला किती उष्णता, वर्षानुवर्षांची मापं एका बोटानं गेली. ही नोकरी गेली तर परत जायला गावाकडे घरही उरलं नव्हतं.

कुणीतरी फोन केला. तासाभरात भाऊ गुलाबी फेट्यासकट धावत आले. आता मुस्काटात बसणार, म्हणून मी डोळे मिटले.

"वाचलंस ते व्हर्जन कंचं?"

"म्हणजे?"

त्यांनी माझ्या फोनवर, पानाच्या कोपऱ्यातला बारीक आकडा दाखवला. सहा. त्यावर बोट ठेवलं तशी सगळ्या व्हर्जनांची यादी उघडली. आमच्या मशीनचं दोन नंबर, पार तळाला. तिथं ई-१७ म्हणजे 'पाकिटाच्या कागदाचा रोल तिरका बसला आहे, सरळ करा.' एवढंच!

"जुन्याला तळाशी ठिवत्यात, पोरी. पर असतंय. हुडकावं लागतंय."

मग पत्र्याच्या कपाटातून त्यांची वही निघाली. त्यात सगळी मापं! फेटा न काढता त्यांनी चार वाजेपर्यंत एकेक आकडा मशीनमध्ये परत भरला.

"पुसलं कुणी?" शेठनी विचारलं.

"हात हिचा, चूक माजी. धा वर्सं समद्यांना नुस्तं इचारत बसलो. कुटं बघायचं, ते कुनालाच दावलं न्हाई."

शेठ तुंबलेले ट्रे मोजायला गेले. भाऊंनी वही माझ्यापुढं सरकवली. "ई-१७ लिही. तुज्या हातानं."

शाळा सुटल्यापासून सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं : रोल तिरका. घाबरायचं नाही. भाऊंना विचारा.

भाऊंनी ती एवढीशी ओळ बोट ठेवून वाचली. मग पेन घेऊन त्यांनी 'भाऊंना' खोडलं, आणि वर लिहिलं, 'रेखाला'.