सोसायटीचा महापूर

"नाटक करावं तर उत्तरेश्वरनंच!" असं गावात दुसरं कुणी म्हणत नव्हतं, म्हणून उत्तरेश्वर स्वतःच म्हणायचा. धारूरच्या डोंगरातल्या एका गावात तो दूध सोसायटीचा सेक्रेटरी. औरंगाबादच्या नाट्यशिबिरात त्याला कळलं, की पाच-सहाशे वर्षांपूर्वी विलायतेत सुतार, खाटीक, पाणके असे धंदेवाले लोक बायबलातल्या गोष्टींचे खेळ करायचे, तेही रस्त्यात, गाड्यांवर! एका गावी तर महापुराचा खेळ पाणक्यांकडंच होता!

झालं! सोसायटीच्या वर्धापनदिनाला महापूर, आपल्या बोलीत, उसाच्या ट्रॉलीवर! देव पाप्यांवर पूर धाडतो आणि भला नोहा घरदार, जनावरं जहाजात घालून वाचवतो, अशी गोष्ट.

उन्हाळा तर असा, की विहिरीत बादली सोडली की नुसता खडखडाट वर यायचा. टँकर येऊन पंधरवडा झाला होता.

देव कोण? चेअरमन अर्जुनराव म्हणाले, "या गावात माझ्या वर कोण हाय बे?" प्रश्न मिटला. नोहा धोंडीराम. खेळात जहाजात चढायला साफ नकार देणारी नोहाची बायको, भिवराबाई. ती तशीही कुणाचं ऐकत नसे. तालमीची गरजच पडली नाही.

वर्धापनदिनाची दुपार कलली. अर्जुनराव पांढरी दाढी लावून शिडीनं चौकातल्या सोसायटीच्या छतावर चढले. माईक तोंडाशी धरून गरजले, "लोकहो! मी पाणी धाडणार हाय! डोंगर बुडंल एवढं पाणी!"

उत्तरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात तेवढंच होतं.

कर्ण्याचा आवाज वाऱ्यावर वस्त्यावस्त्यांत गेला. चेअरमन पाणी देतोय! हंडे, ड्रम, बैलगाड्या, जो तो चौकाकडं धावला.

"चढ गं जहाजात, पूर आला!" धोंडीराम ओरडला.

"आदी माजा हंडा लावू दे रांगंत!" म्हणत भिवराबाईनं ट्रॉलीवरून उडी मारली. काय हा अभिनय! उत्तरेश्वरनं टाळ्या वाजवल्या. बाई खरंच रांगेत उभी राहिली, तेव्हा कुठं त्याचे हात थांबले.

"पाणी कुठंय?" वस्तीवरच्या केशरबाईनं विचारलं.

"बाई, हे नाटक आहे!"

"पाण्याचं नाटक लई बगितलं. आता पाणी दावा!" असं म्हणून तिनं शिडीच काढून घेतली.

वरून देव कळवळला, "अगं, मी देव न्हाई, चेअरमन हाय!"

"मग तर उतरूच नका!"

अर्जुनरावांनी फोन काढला. माईक चालूच होता. "साहेब, टँकर धाडा! मोर्चा न्हाई हो... मी देव बोलतोय... हे आपलं, चेअरमन!"

दिवस मावळायच्या आत टँकर आला! नोहासकट सगळं जहाज रिकामं झालं. ट्रॉलीवर उरल्या शेळ्या आणि उत्तरेश्वर. "सेक्रेटरी, ट्रॉली हलवा, टँकर अडलाय!" एवढीच काय ती त्याला दाद.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे शहादेव हात जोडून दारात उभे. "देव म्हणतो उजेड होवो आन् उजेड होतो, असा बी एक खेळ हाय म्हणं?"

"हाय ना! सगळ्यात पहिला!" उत्तरेश्वर मोहरला. "कधी लावायचा?"

"आजच लावा! आमची विजेची डीपी जळून महिना झालाय. देव तेवढा तुमचा द्या. तुमी न्हाई आलात तरी चालतंय!"