मुकादमचाचांचा तिसरा पक्ष

आमच्या पक्षाचे एकूण सदस्य अकरा. त्यांपैकी चौघे कुवेतमध्ये आहेत, चौघे कायमचे गावी परतले आहेत आणि तिघे मरण पावले आहेत. मात्र उमेदवार निवडीच्या सभेतील मतदान आजवर कधीही अकरापेक्षा कमी झालेले नाही.

याचे सर्व श्रेय मुकादमचाचांचे. ‘पक्ष’ या शब्दाने कुणी दचकू नये. इथल्या मराठी माणसांचे एक मंडळ आहे. ते हळदीकुंकू करते, ईदचा शिरखुर्मा वाटते आणि दर वर्षी अध्यक्ष निवडते. मंडळात इंजिनियरांचा एक गट आणि डॉक्टरांचा दुसरा. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. कुवेतच्या राई या भागात त्यांचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान होते. दोन्ही गटांत बसत नसल्यामुळे त्यांनी तिसरा पक्ष काढला आणि त्याची घटना लिहिली. ही घटना ब्रेकशूच्या एका रिकाम्या खोक्यात असते. तिचे चौथे कलम असे, की सदस्यत्व केवळ लेखी राजीनाम्याने संपुष्टात येते.

“कदमांनी राजीनामा दिलान काय?” चाचा मला विचारीत. कदम हे माझ्या प्रयोगशाळेतील सहकारी. त्यांनीच मला पक्षात आणले आणि माझ्या पहिल्या सभेआधीच ते गेले.

“चाचा, ते वारले.”

“ते मला ठाव हाय, ताई. राजीनामा दिलान काय? नाय ना? मंग घटनेत बसतंय.”

जगातील प्रत्येक गोष्ट घटनेत बसते की नाही, हे ते तपासून पाहत. आमच्या सालमियातील इमारतीची लिफ्ट सहा माणसांची. सातवा शिरला की कोपऱ्यातून चाचांचा आवाज येई, “घटनेत बसतंय काय?” इजिप्शियन शेजारीसुद्धा त्या मराठी प्रश्नाला घाबरून बाहेर पडत.

मी त्यांच्या शेजारच्या सदनिकेत राहायला आले, तेव्हा भिंतीपलीकडून रोज सायंकाळी नवराबायकोचे बोलणे ऐकू येई. बाईंचा आवाज बारीक, थोडा कुरकुरणारा. “चप्पल आत कशाला आणलीत? वाळू बघा किती!” मला तो आवाज सोबतीसारखा वाटे. महिनाभराने संकोच बाजूला ठेवून मी वाटीभर खीर घेऊन गेले. चाचांनी दार उघडले, वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, “देतो हां तिला.” दुसऱ्या दिवशी धुतलेल्या वाटीत चार खजूर आले. “ती म्हणते, वेलची जास्त झाली.”

वेलची खरोखरच जास्त झाली होती.

पक्षाच्या सदस्य असलेल्या सिस्टर थोरात यांना मी पुढे सहज विचारले, की चाचांच्या पत्नी सकीनाचाची कधी दिसत का नाहीत. सिस्टर म्हणाल्या, “अहो, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आमच्याच वॉर्डात होत्या.” त्या सायंकाळी मी स्वयंपाकघरातील रेडिओ मोठा लावला. तरीही भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येत राहिला.

आता सभेची पद्धत सांगते. चाचांच्या राईतील गुदामात भंगार गाड्यांमधून काढलेल्या अकरा सीट गोलाकार मांडलेल्या असतात. प्रत्येक सदस्याची सीट ठरलेली आहे. दिवंगतांच्या सीटचे पट्टे लावून ठेवलेले असतात, चुकून कुणी बसू नये म्हणून. उमेदवार एकमतानेच ठरावा, हे नववे कलम. हजर असलेले हात वर करतात. गावी गेलेल्यांना फोन लावला जातो. उरलेल्या तिघांसाठी चाचा एकेका सीटपाशी जातात, पट्टा सोडतात, बसतात, पुन्हा पट्टा लावतात. तो ‘टक्’ असा आवाज झाला, की ते त्या माणसाच्या आवाजात बोलतात.

पहिल्या खेपेस मला हसू आवरले नव्हते. मग ते कदमांच्या सीटवर बसले, खाकरले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मॅडम, काच पुसलीत का?” सूक्ष्मदर्शकापाशी बसण्याआधी कदम मला रोज हेच विचारीत. चाचा आमच्या प्रयोगशाळेत कधीही आले नव्हते. कदमांनीच त्यांना सांगितले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. ती अजून पुरती बसलेली नाही.

आमचा उमेदवार दर वर्षी एकच: लिफ्ट दुरुस्त करणारे सुर्वे. मंडळाच्या निवडणुकीत त्यांना दर वर्षी चार मते पडत. एकदा पाच पडली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र उदास झाले. “सदस्य अकरा, मतं पाच. सहा जण फुटले.”

वास्तविक उमेदवार व्हायचे होते ते चाचांना. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु प्रत्येक उमेदवाराला मंडळाच्या व्यासपीठावर तीन मिनिटे बोलता येते, आणि ते भाषण चाचांनी केव्हाच लिहून ठेवले होते. अडचण एवढीच, की हयात असताना सकीनाचाचींनी त्यांच्या नावाला दर वर्षी विरोध केला, आणि निधनानंतरही त्यांच्या मतात बदल झाला नव्हता. नववे कलम बदलावे, असे मी एकदा भीत भीत सुचवले. घटनादुरुस्तीलाही एकमत लागते. ते चाचींनी अडवले.

यंदा चाचांनी दुकान बंद केले. महिनाअखेरीस त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपतो आणि त्यानंतर ते कायमचे गावी जाणार. म्हणजे ही त्यांची अखेरची सभा. सभा शुक्रवारी दुपारी होती. त्याच वेळी धुळीचे वादळ उठले. गुदामाचे शटर खाली ओढावे लागले. फटीतून येणाऱ्या प्रकाशाचा रंग नारिंगी झाला आणि रिकाम्या फडताळांवर बारीक वाळू उतरू लागली.

सुर्वे उभे राहिले. “मी सात वेळा पडलोय. यंदा चाचांना पडू द्या.”

“आटपा हं लवकर,” सिस्टर ओढणी नाकाशी धरून म्हणाल्या. “मला ड्यूटी आहे.”

आम्ही हात वर केले. फोनवरून चार होकार आले. चाचा कदमांच्या सीटवर बसले, होकार. टंकलेखक दामले यांच्या सीटवर बसले. “माझं काही म्हणणं नाही,” असे दामल्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. हाही होकारच.

अकरावी सीट चाचांच्या स्वतःच्या जुन्या गाडीतली, चालकाशेजारची. त्यांनी पट्टा सोडला, बसले. टक्. शटरवर वाळू सरसरत होती. आम्ही तिघेही पुढे वाकलो होतो. एक मत, आणि ते त्यांच्याच तोंडून येणार होते.

“नको,” तो बारीक, कुरकुरणारा आवाज आला. “दुकान तुमचं, पक्ष तुमचा. संध्याकाळ तेवढी माझी ठेवा.”

मी पेन हातात धरून बसले होते. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझे.

सिस्टरांना राहवले नाही. “चाचा, पुरे झालं आता! पुढच्या महिन्यात तुम्ही इथे नसणार. एकदा, एकदा तरी चाचींना हो म्हणू द्या की!”

“बघितलं म्हणवून,” चाचा आपल्या आवाजात म्हणाले. “काल घरी दोनदा बघितलं. ‘हो’ आलं तोंडातनं. पण आवाज माझाच आला.” त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. “नको म्हणायलाच येते ती, सिस्टर. हो म्हणायला लावलं, तर गावी मी एकटाच जाणार.”

ठराव दहा विरुद्ध एक मताने बाद झाला, असे मी लिहिले. मग सुर्व्यांचे नाव नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत संमत झाले. सुर्व्यांबद्दल चाचींची कधीच तक्रार नव्हती. चाचांनी खिशातून भाषणाचा कागद काढून त्यांच्या हाती दिला. “अक्षर लागलं नाय तर विचारा.”

सुर्व्यांनी शटर गुडघाभर वर केले. वाळूचा लोट आत आला. सिस्टर गाडीकडे धावल्या. मी वही पिशवीत घातली आणि म्हणाले, “चाचा, झाली सभा. सोडा आता पट्टा.”

“थांबा जरा, ताई,” चाचा हळूच म्हणाले. “रागावलेली हाय. अजून काहीतरी बोलंल.”