मानाचा पहिला हात

एका जंगलात, मुलांनो, ओढा एकच होता आणि त्याच्यावर तहान दोन रानांची होती.

अल्याडचं रान आपल्या गोष्टीचं. पल्याडचं रान शेजाऱ्यांचं. उन्हाळ्यात ओढा आटून डबक्याएवढा होई. सकाळी जो आधी येईल त्याला नितळ पाणी, मागून येईल त्याला गाळ. त्यावरून दर उन्हाळ्यात शिंगं मोडत, शेपट्या तुटत. शेवटी दोन्ही रानांनी ठरवलं, रक्त सांडायचं नाही. व्हिडिओ गेमवर निकाल लावायचा. जिंकेल ते रान उन्हाळाभर आधी पिईल.

हसू नका. माणसं याहून कमी विचारात निकाल लावतात.

अल्याडकडून खेळणार होती ठिणगी नावाची तरुण खार. गेमही तिचाच होता. तो ज्या हातात मावणाऱ्या डबडीवर चाले, ती तिला बनवणाऱ्या कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडली होती. ठिणगीने दातांनी स्क्रू फिरवून तिचं पोट उघडलं, आत नवी सिस्टिम घातली, आणि मेलेली डबडी बोलू लागली. वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. "जे थकलंय त्याने बाजूला पडून राहावं," असं ते म्हणाले. हा नियम त्यांनी स्वतःला मात्र कधी लावला नव्हता.

डबडी ठेवली ओढ्यातल्या मधल्या खडकावर. खेळाडू आपापल्या काठावर. म्हणून दोघांनाही बिनतारी कंट्रोलर हवा होता आणि तो डबडीशी जोडलेला हवा होता. सूर्य टेकडीला टेकेल तेव्हा ज्याचं नाव पडद्यावर नसेल तो हरला, असा करार होता.

आता कंट्रोलर जोडणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. डबडीला सांगायचं, शोध. मग कंट्रोलरचं बारीक बटण दाबून धरायचं, आणि दिवा लुकलुकला की सोडायचं. लवकर सोडलं तर दिवा लागत नाही. सोडलंच नाही तर कंट्रोलर झोपी जातो.

पल्याडचा खेळाडू भुरक्या वानर. त्याने दुपारीच येऊन बटण दाबलं, सोडलं. पडद्यावर नाव उमटलं. मग तो चिंच चोखत बसला. त्याच्या रानातली म्हातारी मंडळी तेव्हा जांभळीखाली घोरत होती.

ठिणगीलाही तेवढाच वेळ लागला असता. पण अल्याडच्या रानात एक रीत होती. नवं घरटं असो, नवी वाट असो, नवा कंट्रोलर असो, मानाचा पहिला हात वडीलधाऱ्यांचा. त्यामुळे कंट्रोलर सकाळपासून पंचायतीच्या ताब्यात होता. त्याला हळदकुंकू वाहून झालं होतं.

मान दोघांचा होता. एक आबासाहेब हत्ती, पंचायतीचे प्रमुख. दुसऱ्या माईसाहेब घोरपड, उपप्रमुख. माईसाहेबांनी आपली बसायची शिळा तरुणपणी धरली होती, ती अजून सोडली नव्हती.

"आबासाहेब, दिवस कासराभर उरलाय," ठिणगी म्हणाली. "बटण दाबा. दिवा लुकलुकला की सोडा. बस."

"आम्हाला शिकवू नकोस, पोरी. या सोंडेने आम्ही सागाचे ओंडके उचललेत."

"ओंडक्यांना बटण नव्हतं, आबासाहेब."

"जीभ बघा हिची!" माईसाहेब फुत्कारल्या. "तुझ्या पूर्वजांनी सेतूला वाळू वाहिली. कुणाला शहाणपण शिकवलं नाही."

"म्हणूनच सांगतेय. त्या सेतूचं काम भाषणांसाठी थांबलं नव्हतं."

भाषणं झाली. नारळ फुटला. आबासाहेबांनी सोंडेच्या टोकाने बटण दाबलं. तेवढ्यात मोर हार घेऊन पुढे आला. आबासाहेबांनी हारासाठी सोंड उचलली. बटण सुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जुळलं का?"

"तुम्ही सोडलंत, आबासाहेब."

"मग हार काय शेपटीत घ्यायचा?"

आता माईसाहेब सरसावल्या. त्यांनी बटण दाबलं. दिवा लुकलुकला.

"सोडा, माईसाहेब! आता सोडा!"

"सोडा? आमच्या घराण्याच्या जोरावर गड चढलेत लोक! घोरपड धरलेलं सोडत नसते."

दिवा लुकलुकून दमला आणि विझला.

"झोपला तो," ठिणगी कपाळाला हात लावून म्हणाली.

"आमच्यासमोर झोपतो? काही वळण आहे की नाही!"

"यंत्रातच खोट आहे," आबासाहेबांनी निकाल दिला. "पोट फाडलेल्या वस्तूला काय गुण येणार!"

पलीकडून भुरक्या ओरडला, "अगं ठिणगे, मी एकट्यानेच खेळू का?"

मंडळी खोबऱ्याकडे वळली. ठिणगीने कंट्रोलर उचलला. दाबलं. सोडलं. पडद्यावर भुरक्याच्या नावाखाली दुसरं नाव उमटलं, ठिणगी. तिच्या जिभेवर नितळ पाण्याची चव आली.

"हे कुणी केलं?" माईसाहेबांचा आवाज.

"जुळलंय, माईसाहेब! खेळू द्या आता."

"आमच्या हाताशिवाय?"

आबासाहेबांनी खोबरं खाली ठेवलं. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"तोडा. रीतसर जोडू."

"पण जुळलंय ना! तोडायचं कशाला?"

"जुळलंय. पण मानाने जुळलेलं नाही."

पडद्यावर तिच्या नावापुढे जोडणी तोडायचं बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, विसरून जा. आबासाहेबांची सोंड खडकापर्यंत लांब झाली. मुलांनो, जोडताना अडखळलेली ती सोंड तोडताना जरासुद्धा अडखळली नाही.

मग पुन्हा हार, पुन्हा नारळ. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा माईसाहेबांनी बटण घट्ट धरलेलं होतं.

संध्याकाळी पंचायत बसली. तरुणांच्या उतावळेपणामुळे रान हरलं, असा ठराव झाला. पुढच्या वेळी मान आणखी काही ज्येष्ठांना द्यावा, असाही झाला. ठिणगीने माफी मागावी, असंही सुचवलं गेलं. ती शेपटी फुलवून निघून गेली.

सकाळी पल्याडचं रान आधी प्यायलं. उरलेल्या गाळावर अल्याडचं रान आलं, तेही मानाने. आधी आबासाहेब. ठिणगीची पाळी आली तेव्हा ओढ्यात नुसते ओले गोटे होते.

तिने डबडी काखोटीला मारली, ओढ्यावर झुकलेल्या करंजावर चढली आणि पल्याड उडी टाकली. भुरक्याने पळसाच्या द्रोणात पाणी बाजूला ठेवलं होतं. तिने ते एका दमात संपवलं.

"तुमच्याकडे मानाचा हात नसतो का रे?"

"नसतो कसा? आमची म्हातारी मंडळी तुमच्याहून खट आहे. तीन हत्ती आणि एक मगर."

"मग परवानगी कशी मिळाली तुला?"

"कुणी मागितली? दुपारी त्यांना गळ्यापर्यंत जेवू घातलं. जांभळीखाली पाला अंथरून दिला. वारा घातला." भुरक्याने चिंचोका थुंकला. "आमच्या रानातली पोरं फार सेवाभावी आहेत. हे बघ, फेरखेळ माग. फुकट जिंकून मलाही कंटाळा आलाय."

"कधी?"

"दुपारच्या जेवणानंतर."

ठिणगी परत आली. माध्यान्ही तिने आबासाहेबांपुढे पिकल्या कवठांचा ढीग लावला. माईसाहेबांना वारुळातले गुबगुबीत किडे वाढले. मग वडाखाली मऊ पाला पसरला.

"पोरीला अखेर वळण लागलं," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी मोठी जांभई दिली.

"आमच्यामुळेच," माईसाहेब म्हणाल्या. त्या कधी नव्हे ते शिळेवरून उतरून पाल्यावर आडव्या झाल्या.

ठिणगी डबडी आणि कंट्रोलर घेऊन ओढ्यावर गेली. दाबलं. सोडलं.

ठिणगीने फेरखेळ जिंकला आणि दुसऱ्या सकाळी आबासाहेबांनी नितळ पाण्यात सोंड बुडवली. "बघितलंत? त्या कंट्रोलरला आमचा हात लागला होता, त्याचा गुण," ते म्हणाले.

ठिणगी आणखी कवठं आणायला गेली.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांची मनोभावे सेवा करावी. त्यांना पोटभर जेवू घालावं, सावलीत अंथरूण घालून द्यावं आणि त्यांची झोप मुळीच मोडू नये. रानाची कामं तेवढ्या वेळात उरकतात.