सरदार की घोडेस्वार

सिनेमा पाहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी रंभानं चूल पेटवलीच नाही. लटारू चहाची वाट पाहून कंटाळला. शेवटी त्यानं विचारलं, "काऊन व, बरं नाई का?"

"मले खरं सांगा," रंभा म्हणाली. "त्या घोडेवाल्या मुखरूचं स्थळ मले पयले आलतं. गुणाबाईनं ते मोडून तुमचं काऊन लावलं?"

चांद्याच्या कय्यूमचा सिनेमाचा तंबू पोंभुर्ण्यात आल्यापासून घरोघरी हेच चाललं होतं. सिनेमा पेशव्यांच्या काळातला. त्यात एक आत्याबाई सगळ्यांची लग्नं जुळवते आणि एकजात चुकीची जुळवते. नायिकेचा जीव रुबाबदार घोडेस्वारावर, तर आत्याबाई तिला एका गलेलठ्ठ सरदाराच्या गळ्यात बांधू पाहते. शेवटी तिला चूक कळते, ती माफी मागते आणि नायिका घोडेस्वाराबरोबर निघून जाते.

"तुले मी सरदार वाटतो का?" लटारूनं विचारलं.

रंभानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. लटारूला उत्तर मिळालं.

"मुखरू तं घोड्यावरून पडते," तो म्हणाला. "मी बैलबंडीवरून कधी पडलो का?"

गावातली निम्मी लग्नं गुणाबाईनंच जुळवलेली. दुपारपर्यंत त्यातल्या बऱ्याच बायका तिच्या अंगणात जमल्या. एक म्हणाली, आपल्याला वरोऱ्याचा कापसाचा दलाल मिळत होता. दुसरीला तर आज कळलं होतं, की तिला आधी थोरल्या दिरासाठी पाहिलं होतं.

गुणाबाईनं सिनेमा पाहिलाच नव्हता. ती तडक तंबूत गेली.

"बाई, ही पेशव्याच्या जमान्यातली कहानी हाये," कय्यूम म्हणाला. "तुमचा काय संबंध?"

"पोंभुर्ण्यात पेशवा कोनं पाह्यला नाई, कय्यूमभाई. मले सारे रोज पाह्यते. ते माफी मांगायचं काढून टाका."

"आखरी रीळच काढा लागन. बिना आखरीचा सिनेमा कोन पाहीन?"

"तंबू कोनाच्या वावरात हाये?"

कय्यूमनं शेवटचं रीळ डब्यात ठेवलं.

संध्याकाळी गुणाबाई पुढेच जाऊन बसली. नायिका रडत रडत सरदारासमोर माळ घेऊन उभी राहिली, आत्याबाईनं लाडू तोंडात घातला, आणि पडदा पांढरा झाला. लोक खवळले. आधीची आत्याबाई निदान माफी तरी मागत होती. ही पोरीचं वाटोळं करून लाडू खात होती.

रंभा उठून उभी राहिली. "मी उद्या बापाच्या घरी जातो," तिनं लटारूला सगळ्यांदेखत सांगितलं.

गुणाबाई पदर खोचून पडद्यासमोर गेली.

"बसा समदे. पुढं काय झालं, ते मी सांगतो. लगन झालं. घोडेस्वार गेला लढाईवर, त्याचा धंदाच तो. इकडे पोरीले हिवताप आला. सरदारानं तिले बंडीत घातलं अन् चिखलातून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. वाटंत बैल बसला, तं यानं जू सोताच्या खांद्यावर घेतलं. पोरीनं डोळे उघडले तवा हा पेज घेऊन बसला होता. म्हणे, मीठ कमी झालं का?"

पेशव्यांच्या काळी चांद्याला दवाखाना होता का, हे कोणी विचारलं नाही. गेल्या आखाडात लटारूनं रंभाला तसंच नेलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लटारू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. रंभा हळूच खाली बसली, पण बसताना जराशी त्याच्या बाजूला सरकली.

दुसऱ्या संध्याकाळी गुणाबाईनंच रीळ लावायला सांगितलं. आता तिला कशाची भीती नव्हती.

नायिका घोड्यावर बसली मात्र, तंबूत हलकल्लोळ झाला. "सरदाराले सोडून कुठी चालली?" लोक विचारू लागले. आत्याबाईनं हात जोडले, तर बायका म्हणाल्या, "माफी कायले मांगून राह्यली?" कय्यूम डोक्याला हात लावून बसला.

सगळ्यांत मोठा आवाज रंभाचा होता. "ताप आला तं पेज कोन पाजन तुले?" ती पडद्यावरच्या नायिकेला खडसावत होती.

गुणाबाई तेवढी गप्प होती. शेवटचं रीळ ती पहिल्यांदाच पाहत होती. घोडा भरधाव निघाला, घोडेस्वाराच्या पागोट्याचा शेमला वाऱ्यावर उडाला, आणि गुणाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग शेजारी वाकून ती रंभाच्या कानात म्हणाली, "तो घोडेस्वारच बरा होता व."

"चुप बसा, बाई," रंभा म्हणाली.