एका लाइनवर तीन फोन

गिरधर फेगडे तंत्रशाळेत पोरांना वायरमनचं काम शिकवायचे, आणि आपल्यासारखी तार अख्ख्या जळगावात कुणाला ओढता येत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. एक्क्याण्णव साली, सात वर्षं वाट पाहिल्यावर, पिंप्राळ्याच्या त्यांच्या घरी टेलिफोन आला. खात्याचा माणूस बैठकीत फोन बसवून सायकलवर टांग टाकतो न टाकतो तोच फेगडे पक्कड घेऊन उभे.

"एवढ्या घरात एकच फोन म्हणजे एवढ्या घरात एकच बल्ब," ते पुष्पाबाईंना म्हणाले. "महिनाभर थांब. ज्याच्या त्याच्या हाताशी फोन असेल."

पुष्पाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. नवऱ्याच्या अशा वाक्यानंतर घरात चुन्याचा चुरा पडतो, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी भांडी झाकून ठेवली.

महिना लागलाच नाही. जुन्या सामानाच्या दुकानातून दोन फोन आले. एक वरच्या खोलीत गेला, दुसरा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी. जिन्याच्या कडेने तार अशी सरळ गेली होती, की कॉलनीतले लोक चहाच्या निमित्ताने ती बघून गेले. खात्याची परवानगी घेतली का, असं एकाने विचारलं, तेव्हा फेगड्यांनी त्याला दुसरा चहा दिला नाही.

गडबड दुसऱ्या दिवशी सुरू झाली. वरच्या फोनवर नंबर फिरवला की खालच्या दोन्ही घंट्या किणकिणत. फेगड्यांच्या आई, धुरपदाबाई, दिवसभर बैठकीत बसलेल्या असत. घंटी वाजली म्हणजे फोन आला, हा त्यांचा साधा हिशेब. त्या रिसीव्हर उचलून "कोन बोलतं?" असं विचारत. तेवढ्यात वर फिरवलेले दोन-तीन आकडे वाया जात, आणि कंटाळून त्यांनी रिसीव्हर ठेवला की उरलेले आकडे लागत. फैजपूरच्या मामांना लावलेला फोन एकदा दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि एकदा मंडपवाल्याकडे. मंडपवाला तर लग्न कधी आहे, ते विचारायला उलट घरीच आला.

शेवटी फेगड्यांनी पुठ्ठ्यावर नियम लिहून लावला: घंटी वाजल्यास फक्त वरचा फोन उचलला जाईल. धुरपदाबाईंनी तो सुनेकडून वाचून घेतला.

"माह्यापुढं वाजते अन् मी कायले तिचं तोंड पाहू?" त्या म्हणाल्या, आणि नियम तिथेच संपला.

अशात फेगड्यांची धुळ्याला बदली निघाली. पुष्पाबाईंची नोकरी जळगावात, म्हणजे एका घराच्या दोन चुली होणार. फेगड्यांनी बदली रद्द करण्याचा अर्ज केला आणि त्यात लिहिलं, की वृद्ध मातोश्री अंथरुणाला खिळून आहेत. मातोश्री तेव्हा अंगणात गोवऱ्या फोडत होत्या. बदल्यांचं काम बघणारे धुळ्याचे देवरे साहेब भला माणूस. रविवारी अकरा वाजता फोन करून खात्री करून घेतो, मग बघू, असा त्यांनी निरोप पाठवला.

फेगड्यांनी रविवारी आईला साडेनऊलाच भाजीबाजारात धाडलं. तीन भाज्या सांगितल्या, त्यातली एक त्या दिवसांत मिळतच नव्हती. पावणेअकराला ते इस्त्रीचा सदरा घालून वर फोनपाशी बसले आणि आवाज दुःखी करून पाहू लागले. अकराला घंटी वाजली.

"साहेब, काय सांगू," फेगडे म्हणाले, "आईला कूस बदलायलासुद्धा माणूस लागतं."

"अरेरे. वय काय त्यांचं?"

"चौऱ्याहत्तर."

"माह्याच वयाची," लाइनवर तिसरा आवाज आला. न मिळणारी भाजी धुरपदाबाईंनी शोधलीच नव्हती. त्या लवकर परतल्या होत्या आणि समोर वाजणारा फोन त्यांनी उचलला होता. "कोनाची माय रे गिरधर? तिले म्हना, मेथीचे लाडू खाय. मी पाय, दोन पिशव्या घिसन बाजारातून पायी आली."



"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी गिरधरची माय."

एवढं ऐकून स्वयंपाकघरातल्या फोनवरून पुष्पाबाई मदतीला धावल्या. "साहेब, आईंचा ताप डोक्यात गेलाय. काहीही बरळतात."

"कोनाच्या डोक्यात गेला?" धुरपदाबाई म्हणाल्या. "पुष्पे, तू कुठून बोलते?"



"फेगडे," देवरे साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी फोन किती आहेत?"

"तीन, साहेब."

"आणि आई?"

"एकच."

आठवड्यात फेगडे धुळ्याला हजर झाले. आपण खोटं बोललो याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट पुष्पाबाईंचं वाटलं. त्या बिचाऱ्यांनी बसस्टँडवर नुसता डबा हातात दिला. धुरपदाबाई मात्र, पोराच्या पोटापाण्याचं कोण बघणार, असं म्हणत आपली वळकटी घेऊन आधीच बसमध्ये जाऊन बसल्या होत्या.

धुळ्यात त्या महिनाभरात रुळल्या. गल्लीतल्या बायका त्यांच्या ओट्यावर जमू लागल्या. देवरे साहेबांच्या मंडळी, सुनंदाबाई, त्यांच्याकडून लोणच्याचा मसाला शिकून गेल्या आणि मग रोजच येऊ लागल्या. फेगडे मात्र शनिवारची वाट बघत आणि जळगावची बस पकडत.

दीड वर्षाने परत जळगावचा हुकूम आला. फेगड्यांनी पेढे आणले. धुरपदाबाईंनी पेढा खाल्ला आणि सांगून टाकलं, की मी येत नाही. फेगड्यांनी समजावलं, हात जोडले, पुष्पाबाईंची चिठ्ठी वाचून दाखवली.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "मले सुनंदाकडं वाळवणाच्या बिबड्या कराच्या हायेत. उन्हाळा सरल्यावर पाहू."

आईला एकटं सोडून जाणं शक्य नव्हतं. फेगड्यांनी हजर होण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मागणारा अर्ज लिहायला घेतला आणि कारणाच्या ओळीपाशी थांबले. खूप वेळ विचार केला. मग त्यांनी लिहिलं, 'आई ऐकत नाही.'

देवरे साहेबांनी अर्ज वाचला आणि एक शब्द न विचारता सही केली. त्यांच्या घरी बिबड्यांसाठी पाच शेर ज्वारी भिजत पडली होती.